आत्या खाली, मामी वर

आमच्या घरात ताईचे हात सोडून बाकी काहीही आपटलेलं चालतं.

त्यात मीही आलो. लहानपणी एकदा मी जिन्यावरून गडगडत खाली आलो, तेव्हा आईने धावत येऊन पहिला प्रश्न विचारला, "ताईच्या हातावर तर नाही ना पडलास?" ताई तेव्हा वरच्या मजल्यावर झोपली होती. आईने तरी वर जाऊन खात्री करून घेतली. मग खाली येऊन माझ्या डोक्याला पट्टी बांधली.

ताई हार्प वाजवते. ज्यांनी हार्प पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: माणसाहून उंच, तिकोनी, सत्तेचाळीस तारा, वजन चाळीस किलो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, यांनी कुणाच्या तरी बंगल्याचं फाटक उपसून आणलंय. ती उजव्या खांद्यावर कलती घ्यायची आणि दोन्ही बाजूंनी हात घालून तारा छेडायच्या. दिसायला हे फार नाजूक दिसतं. प्रत्यक्षात जाड तारा बोटाची अशी कातडी काढतात की बटाट्यानेही हेवा करावा.

वाजवतात आठ बोटांनी. आठच. करंगळी आखूड पडते, म्हणून हार्पमध्ये तिला काम नाही. ताईच्या दोन्ही करंगळ्या वीस वर्षं भरपगारी रजेवर होत्या. मऊ, गुलाबी, जगाची काही कल्पना नसलेल्या. बाकीच्या आठ बोटांच्या टोकांवर मात्र घट्टे. रोज सकाळी ताई एकेक बोट टेबलावर आपटून बघते. 'टक' असा आवाज आला तर बोट तयार. 'थप' आला तर घट्टा नरम पडलाय आणि दिवस वाया. तिचा फोन या आठांपैकी एकाही बोटाला माणूस मानायला तयार नाही, म्हणून फोन ती करंगळीने उघडते. करंगळीची एवढीच काय ती नोकरी.

घट्टे ओले करायचे नसतात. घट्ट्यांचा हा पहिला नियम आणि माझ्या आयुष्याचं सार. भांडी, कपडे, फरशी, भाजी धुणं, बरण्यांची अडकलेली झाकणं, सगळं माझ्याकडे. मी लाँड्रीची गाडी चालवतो, त्यामुळे हार्पची ने-आणही माझ्याकडे. ताईच्या हातांचे दोन बदली कामगार माझ्या खांद्यांना जोडलेले आहेत असं समजा.

शिवाय घरात एक कवायत होती. काहीही पडायला लागलं, कप असो, चाकू असो, पाहुणा असो, की जो बघेल त्याने ओरडायचं, "हात!" आणि ताईने ताबडतोब दोन्ही हात पाठीमागे घेऊन ताठ उभं राहायचं. पडणारी वस्तू झेलायला गेलेल्या हातांचं काय होतं, याच्या भयंकर गोष्टी आईकडे आहेत. सगळ्या तिने स्वतः रचलेल्या. ताई पाच वर्षांची होती तेव्हापासून ही कवायत चालू आहे, आणि ताई ती झोपेतही करते. एकदा स्वप्नात काहीतरी पडलं तेव्हा ती गादीवर हात पाठीमागे बांधून सापडली.

आता खरी भानगड सांगतो.

आमच्या गावच्या वाद्यवृंदात हार्पची खुर्ची एकच. व्हायोलिनवाले तीस असतात, त्यातला कुणी ना कुणी निवृत्त होतच असतो. हार्पवाली एकदा बसली की बसली. आत्ता जी बसली होती ती अडतीस वर्षं बसली होती. तिला सगळे हार्पबाई म्हणायचे. या हार्पबाई अखेर निवृत्त होणार आणि खुर्ची मोकळी होणार, तिच्यासाठी परीक्षा होणार, असं पत्र आलं तेव्हा आई रडली. नंतर तिने बोटांवर हिशेब केला. पुढची जागा निघेल तेव्हा ताई त्रेसष्ट वर्षांची असेल. मग आई पुन्हा रडली, या वेळी वेगळ्या कारणाने.

"म्हणजे ही नाही मिळाली तर?" मी विचारलं.

"तर लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाऱ्यांच्या पाठीमागे वाजवत बसेन," ताई म्हणाली. "आत्ता बसते तशीच. लोक चमचे आपटतात त्या तालात."

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना आई ताईचा काळा झगा इस्त्री करत होती. माझ्या लाँड्रीत इस्त्र्यांची रांग आहे, पण आई म्हणते त्यांना माया नसते. आईची इस्त्री तिच्या आईची आहे. तिला माया असेल-नसेल, वजन मात्र आहे. आईने ती बंद केली, फळीच्या कडेला ठेवली आणि झगा उचलून उजेडात धरला. ताई बाजूला उभी होती. झग्याच्या बाहीने इस्त्रीला हलकासा धक्का दिला.

मी पाहिलं. आईने पाहिलं. आम्ही दोघं एका सुरात ओरडलो, "हात!"

ताईने दोन्ही हात पाठीमागे घेतले, ताठ उभी राहिली आणि अत्यंत शिस्तीत इस्त्री स्वतःच्या उजव्या पायावर पडू दिली.

इस्त्री बंद होती, एवढंच तिचं पुण्य.

"हात ठीक आहेत ना?" आई म्हणाली.

"हात ठीक आहेत," ताई म्हणाली आणि खाली बसली.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन हाडं गेलीत, सहा आठवडे प्लास्टर. आई म्हणाली, "पाय आहे ना, चालेल. ही हातांनी वाजवते." तेव्हा ताईने डोळे मिटले आणि आम्हाला पहिल्यांदा आठवलं की हार्पला पेडलं असतात.

सात. तळाशी पितळेची, डाव्या पायाला तीन, उजव्याला चार. तारा आपल्या जागी असतात, पण पेडल एका खाचेतून दुसऱ्या खाचेत सरकवलं की त्या जातीच्या सगळ्या तारांचा स्वर अर्धं पाऊल चढतो किंवा उतरतो. प्रत्येकाला तीन खाचा: वर, मध्ये, खाली. वरून हंसिणीसारखी वाजवणारी बाई खाली शिवणयंत्र चालवत असते. परीक्षेचा तुकडा बारा मिनिटांचा होता आणि त्यात उजव्या पायाची कामं त्रेचाळीस.

आईने वाद्यवृंदाच्या कचेरीत फोन लावला. तारीख पुढे ढकला म्हणाली. पलीकडच्या कारकुनाने नम्रपणे सांगितलं की तशी सोय आहे. नमुना क्रमांक चार भरून द्या, डॉक्टरांचा दाखला जोडा.

"दुखापत कुठे आहे?" त्याने विचारलं.

"पायाला."

बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "बाई, नमुन्यात 'उजवा हात' आणि 'डावा हात' एवढेच रकाने आहेत."

"मग हार्पवाल्यांनी काय करायचं?"

"हाताला लागलं असतं तर दोन महिने सहज मिळाले असते," तो हळहळत म्हणाला. "एखादं बोटसुद्धा चाललं असतं."

आईने फोन ठेवला. तिने टेबलावरच्या इस्त्रीकडे पाहिलं. मग ताईच्या हाताकडे पाहिलं. मग पुन्हा इस्त्रीकडे. मी उठलो, इस्त्री कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

पहिले दोन दिवस ताईने डाव्या पायाने सातही पेडलं सांभाळायचा प्रयत्न केला. डावा पाय उजवीकडे न्यायचा तर तो हार्पच्या बुडाला वळसा घालून न्यावा लागतो. बघणाऱ्याला वाटावं, ही हार्पला लाथ मारतेय आणि हार्प चुकवतेय. दुसऱ्या संध्याकाळी ती स्टुलावरून पडली. आम्ही अर्थातच "हात!" ओरडलो, त्यामुळे ती हात मागे बांधून पडली आणि नाकावर आपटली.

मी तिला उठवलं, स्टूल सरळ केलं आणि त्याचा निखळलेला स्क्रू शोधायला जमिनीवर पालथा झालो.

"आता खाली आहेसच," ताई नाक चोळत म्हणाली, "तर ते उजवीकडचं पहिलं पेडल दाब जरा."

मी तळहाताने दाबलं. खाचेत सरकवलं. ताईने वरून एक तार छेडली, ऐकली आणि खाली वाकून माझ्याकडे बघितलं.

"काय झालं?" मी म्हणालो.

"काही नाही. पुन्हा दाब."

अशी माझी संगीतातली कारकीर्द सुरू झाली.

मला स्वरलिपी वाचता येत नाही. ताई म्हणाली, गरज नाही, चार पेडलांना चार नावं दे आणि यादी पाठ कर. मी त्यांच्या स्वभावाप्रमाणे नावं दिली. पहिलं जोरात दाबल्याशिवाय हलत नाही आणि हललं की कुरकुरतं: आत्या. दुसऱ्यावरचा हात काढला की ते उसळून मूळ जागी जातं: काकू. तिसरं मऊ, बोट लावलं की सरकतं: मावशी. चौथं मधल्या खाचेत अडकून बसतं आणि तिथून कुणाच्या बापाचं ऐकत नाही: मामी. त्रेचाळीस ओळींची यादी तयार झाली. 'आत्या खाली. मामी वर. मावशी मध्ये. काकू खाली आणि तिला सोडू नको.' मी ती हार्पच्या बुडाला चिकटवली. खऱ्या मामी त्या आठवड्यात सहज भेटायला आल्या, त्यांनी ती वाचली, आणि त्या चहा न घेता गेल्या.

काय दाबायचं ते कळलं. कधी दाबायचं, हा प्रश्न राहिला. परीक्षेत उमेदवार पडद्यामागे बसतो. परीक्षकांना फक्त वाद्य ऐकू यावं, कोण बसलंय ते कळू नये, म्हणून. पडद्यामागे एक शब्दही बोलायचा नाही. खाकरायचंसुद्धा नाही. नंबर असतो, नाव नसतं. म्हणजे ताई मला "आता!" म्हणू शकत नव्हती. हात अडकलेले, डावा पाय अडकलेला, उजवा पाय प्लास्टरमध्ये.

"डोळा मार," मी सुचवलं.

"तू जमिनीवर पालथा. तुला माझी हनुवटीही दिसत नाही."

"मग मला वर काय दिसतं?"

आम्ही बघितलं. मला वर तिचा उजवा हात दिसत होता. अंगठा ताठ वर, तीन बोटं तारांवर, आणि टोकाला वाऱ्यावर पडलेली, कसलाही उद्योग नसलेली ती करंगळी.

वीस वर्षांनी तिची रजा रद्द झाली.

नव्याने कामावर रुजू झालेल्या कुणाचंही होतं तेच तिचं झालं. नको तिथे पुढे-पुढे करायची, हवं तिथे गैरहजर. शेजारचं बोट वळलं की ही उगीच हालायची आणि मी खालून बिनकामाचा आत्याला हाणायचो. वरून भलताच स्वर निघायचा.

"कशाला दाबलंस?"

"तुझी करंगळी हालली."

"ती अशीच हालली."

"मला खालून कसं कळणार, कामाची हालली की अशीच हालली?"

शेवटी ठरलं: आधी करंगळी आत मुडपायची, आणि नेमक्या क्षणी ताठ बाहेर काढायची. दोन दिवस ताईच्या करंगळीत असे पेटके आले की ती फोन नाकाने उघडायला लागली. इकडे माझे तळवे पितळेच्या कडांनी सोलवटले. आधी फोड आले. मग ते फुटले. मी आईला दाखवले. आईने चष्मा लावून नीट बघितले आणि म्हणाली, "बरं झालं, ताईला नाही आले."

प्लास्टर लावलेला पाय कुठे ठेवायचा हाही प्रश्न होता. हार्पच्या उजव्या बाजूला जागा एकच आणि तिथे मी. मग तो माझ्या पाठीवर ठेवला. सुरुवातीला जड वाटला, नंतर सवय झाली. खरं सांगायचं तर आमच्या घरातली व्यवस्था पहिल्यांदाच जशीच्या तशी दिसायला लागली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ताई म्हणाली, "ही लबाडी आहे का रे?"

आईने परीक्षेचं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. "नियम सहावा. उमेदवाराने वाद्य स्वतःच्या हातांनी वाजवावे." तिने चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "पायाबद्दल अवाक्षर नाही. नमुन्यातही नव्हतं, नियमातही नाही. त्यांना पायाचं पडलेलंच नाही."

"तरी निवड झाली तर मी त्याच दिवशी सगळं सांगणार," ताई म्हणाली.

"सांग. आधी निवड होऊ दे."

परीक्षेच्या सकाळी मी लाँड्रीच्या गाडीतून हार्प, ताई आणि मला स्वतःला घेऊन गेलो. हार्प आणि ताई दोघींना चादरींत गुंडाळलं होतं. मागच्या दाराशी वाद्यवृंदाचा शिपाई यादी घेऊन उभा होता.

"नंबर सात कोण?"

"ही," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"मी वाद्याबरोबर आलोय."

त्याने यादी बघितली. मग परीक्षेचं पत्र बघितलं. त्यात 'उमेदवाराने वाद्य व त्याचे सर्व सुटे भाग स्वतः आणावेत' असं लिहिलं होतं. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत सोडलं.

मंचावर छतापासून जमिनीपर्यंत करडा पडदा होता. अलीकडे जाड गालिचा, बुटांच्या आवाजावरूनही उमेदवार कोण ते कळू नये म्हणून. मी हार्प जागेवर ठेवली, काळं कापड अंगावर ओढून पालथा झालो, ताई बसली, पाय माझ्या पाठीवर आला. पलीकडे पाच परीक्षक होते. दिसत नव्हते, पण एकाचं पोट गुरगुरत होतं आणि एकाची काठी अधूनमधून जमिनीवर टेकत होती. काठी हार्पबाईंची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

ताईने बोटं स्टुलाच्या कडेवर हळूच वाजवून पाहिली. टक, टक, टक. मला बरं वाटलं.

मग ती वाजवायला लागली.

हा तुकडा मी भिंतीपलीकडून शंभर वेळा ऐकला होता. भांडी घासताना, कांदा चिरताना. खालून ऐकला नव्हता कधी. खालून तो वेगळाच असतो. लाकूड छातीत वाजतं. मला वर लाल तारा दिसत होत्या, काळ्या तारा दिसत होत्या, आणि त्यांच्यामधून ताईची बोटं अशी मिटत होती की ती काहीतरी तोडून मुठीत लपवतेय आणि पुन्हा हात मोकळा करून दाखवतेय, बघा, काही नाही. करंगळी आत मुडपलेली. मग ताठ. आत्या खाली. मुडपली. ताठ. मामी वर. माझ्या तळव्यांची आग होत होती, पण मी काकूला सोडलं नाही. एकतिसाव्या ओळीला नाकावरून घाम ओघळून यादीवर पडला आणि 'मावशी' फिसकटली. पण मावशी कुठे राहते ते हाताला माहीत होतं.

शेवटची तार वाजली. ताईने तळहात टेकवून ती शांत केली. मी चाळीस किलोच्या सावलीत श्वास सोडला.

पलीकडे काठी टेकली.

"शेवटचं पान पुन्हा," हार्पबाईंचा आवाज आला.

शेवटचं पान म्हणजे नऊ ओळी. ताईने पुन्हा वाजवलं, मी पुन्हा दाबलं. मग काठी उठली आणि ठक ठक करत जवळ यायला लागली. पडद्याची कड सरकली. माझ्या नाकासमोर दोन म्हातारे काळे बूट येऊन थांबले.

"हे कोण?" हार्पबाई म्हणाल्या.

"बाई, ते वाद्याबरोबर आलेत," शिपाई विंगेतून म्हणाला.

मी काळ्या कापडातून मान बाहेर काढली आणि नमस्कार केला. पालथ्या माणसाला नमस्कार करायला हात जोडावे लागतात, म्हणून काकू सुटली आणि खण्णकन वर गेली.

"तरीच," हार्पबाई म्हणाल्या. "अडतीस वर्षं मी या पेडलांवर पाय ठेवलाय. पाय कितीही शहाणा असला तरी कुठेतरी एकदा आपटतोच. आज त्रेचाळीसमध्ये एकदाही नाही. तेव्हाच म्हटलं, पाय इतका सभ्य नसतो."

ताईचा चेहरा पांढरा पडला होता. "मी आजच सांगणार होते, बाई," ती म्हणाली. परीक्षेत बोलायचं नसतं हे तिच्या लक्षातच नव्हतं. "पाय मोडलाय. नमुन्यात पायाचा रकाना नव्हता."

बाकीचे चार परीक्षकही आत आले होते. हार्पबाई वाकल्या आणि हार्पच्या बुडाला लावलेली यादी स्पष्ट आवाजात वाचू लागल्या, "आत्या खाली, मामी वर, काकू खाली आणि तिला सोडू नको."

"हे काय आहे?" पोट गुरगुरणारे परीक्षक म्हणाले.

"शेवटचं पान," हार्पबाई म्हणाल्या. "अचूक आहे."

चष्मेवाल्या परीक्षकांनी नियमांचा कागद काढला. "हे नियमात बसत नाही. वाद्य स्वतःच्या हातांनी वाजवावं, असं आहे."

"मग तिने कुणाच्या हातांनी वाजवलं?"

"पण यांनीही हात लावलाय ना!"

"स्वतःचेच लावलेत," हार्पबाई म्हणाल्या.

"नियम उमेदवाराच्या हातांबद्दल आहे. हे उमेदवार आहेत का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी अर्ज भरलेला नाही," मी म्हणालो. पालथ्या स्थितीत खोटं बोलवत नाही.

ते पाचही जण बाहेर गेले आणि तासभर भांडले. अधूनमधून 'पाय' हा शब्द मोठ्याने ऐकू येत होता. ताई स्टुलावर हात पाठीमागे घेऊन बसली होती. काही पडत नव्हतं, तरी.

"गेली खुर्ची," ती म्हणाली.

"खुर्चीचं सोड. पाठीवरचा पाय काढ, मला उठायचंय."

"थांब ना जरा. असंच बरं वाटतंय."

मी थांबलो.

हार्पबाई परत आल्या त्या एकट्याच. त्यांनी ताईचा उजवा हात हातात घेतला, पालथा केला, उलटा केला, आणि तिचा अंगठा स्टुलाच्या कडेवर एकदा आपटला. टक.

"असे हात घडवायला वीस वर्षं लागतात," त्या म्हणाल्या. "पायाला, प्लास्टर निघाल्यावर, वीस दिवस. मी त्यांना तेवढंच सांगितलं. आठ आठवड्यांनी येऊन हाच तुकडा वाजव. एकटीने. एकही पेडल चुकलं, तर खुर्ची नंबर तीनची." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "याला गाडीत बसवून ठेवायचं."

प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो पाय बाहेर आला तो आमच्या ओळखीचा नव्हता. बारीक, पांढरा, कशालाच तयार नसलेला. उरलेल्या दिवसांत ताईने त्याला शिकवायचा जीव तोडून प्रयत्न केला. पाय उशीर करायचा. दर वेळी थोडासाच, पण सुराचा सत्यानाश व्हायला तेवढा पुरे. मी शेजारी बसून "आत्या! आत्या!" ओरडायचो आणि पाय नेमका मावशीकडे जायचा.

चौथ्या दिवशी ताई मध्येच थांबली. "तू गप्प बस आणि माझ्या करंगळीकडे बघ."

करंगळी आपलं काम करत होती. कुणी सांगितलं नव्हतं, खाली कुणी पालथं नव्हतं, तरी प्रत्येक बदलाच्या जागी ती आत मुडपत होती आणि नेमक्या क्षणी ताठ होत होती. अगदी वेळेवर. उशीर फक्त पायाचा होता.

"हिचं ऐक," ताई स्वतःच्या पायाला म्हणाली.

पायाने ऐकलं. माझं कधी ऐकत नव्हता तो.

आठ आठवड्यांनी मी हार्प आत लावून दिली आणि सांगितल्याप्रमाणे गाडीत जाऊन बसलो. आई शेजारी बसली. खिडकीतून आवाज येत होता. मी यादीशिवाय मोजत होतो. मावशी मध्ये, मामी वर. प्रत्येक जागी माझे तळवे आपोआप स्टिअरिंग दाबत होते. दोनदा भोंगा वाजला. आईने माझे हात धरून ठेवले, म्हणजे ताईच्या वाजवण्यात भोंगा नको म्हणून. एकतिसाव्या ओळीला आतून स्पष्ट आवाज आला, 'धप्प'. पेडल चुकलं नव्हतं. आपटलं होतं.

आई म्हणाली, "गेलं."

थोड्या वेळाने हार्पबाई ताईबरोबर दारात आल्या. हातात ताईच्या नेमणुकीचा कागद होता, त्यावर सही झालेली होती.

"एकदा आपटला," त्या आईला म्हणाल्या. "पाय आहे, खात्री पटली."

त्या संध्याकाळी घरी ताईने माझे तळवे उलटे करून पाहिले. फोड केव्हाच गेले होते. त्यांच्या जागी बोटांच्या बुडाशी पिवळट, टणक असं काहीतरी जमलं होतं. तिने माझा हात उचलला आणि टेबलावर आपटला.

टक.

"आई," ती ओरडली, "याचे तयार झाले!"

आई स्वयंपाकघरातून आली. तिनेही एकदा आपटून पाहिला. पहिल्यांदाच माझ्या हाताकडे तिने तशा नजरेने बघितलं. मी संधी साधली.

"घट्टे ओले करायचे नसतात," मी म्हणालो. "पहिला नियम."

आईने विचार केला. खरंच केला, मी बघत होतो.

"तिचे," ती म्हणाली. "तुझे भिजव. भांडी पडलीत."